तीन पाण्यांनी धुतलेला पालक

सुभद्राबाई ताजण्यांचं पत्र मला एका शुक्रवारी दुपारी मिळालं. आमच्या प्रयोगशाळेत भांडी धुणाऱ्या हौसाबाईंनी ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि त्या तिथंच उभ्या राहिल्या. निळं आंतरदेशीय पत्र होतं. वर शाईच्या पेनानं लिहिलं होतं, 'पालक तपासणारे हिरलेकर साहेब', आणि खाली आमच्या सरकारी प्रयोगशाळेचं अर्धवट नाव.

"घरचं दिसत नाही," हौसाबाई म्हणाल्या.

"नाही."

"मग फोडा की. सरकारी असतं तर मी विचारलं नसतं."

मी फोडलं. अक्षर मोठं होतं, ओळी उजवीकडे खाली उतरत गेलेल्या.

'साहेबांना नमस्कार. तुमचा कागद मिळाला. भाजीत शिसं आहे पण मर्यादेच्या आत आहे असं लिहिलंय. डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, मग हे शिशाचं नाही, जंतांचं औषध देऊ. वैजूचं पोट अजून दुखतं. मला एकच विचारायचं आहे. आमचा पालक तपासायच्या आधी तुम्ही धुतला होता का? धुतला असेल तर कुठल्या पाण्यानं? तेवढं कळवा. मी वाट बघते. सुभद्रा ताजणे, तांबडमळा, करंज नाल्याच्या पुलाजवळ.'

"काय म्हणतंय?" हौसाबाईंनी विचारलं.

"काही नाही. एक शंका विचारली आहे."

एका ओळीत उत्तर देता आलं असतं. मी ते दिलं नाही. या गोष्टीला तेहेतीस वर्षं झाली. पुढं कधी हा विषय निघाला, म्हणजे माझ्या मनात निघाला, कारण मी तो दुसऱ्या कुणाजवळ काढलेला नाही, तर मी स्वतःला सांगत आलो की मला खात्री नव्हती. खात्री नसताना कुणाला काही कळवणं बरं नाही. ऐकायला हे बरं वाटतं.

करंज नाला आमच्या शहराच्या पूर्वेला होता. त्याच्या एका काठाला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या भट्ट्या होत्या आणि दुसऱ्या काठाला भाजीचे मळे. भट्ट्यांचा धूर मळ्यांवर उतरायचा, भट्ट्यांचं पाणी नाल्यात उतरायचं आणि नाल्याचं पाणी इंजिन लावून मळ्यांत घेतलं जायचं. मळ्यातल्या बायकांनी तक्रार केली. वर अर्ज गेला, वरून आमच्याकडे हुकूम आला की तिथला पालक तपासा. ते काम माझ्याकडे आलं. तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांचा होतो. लोकांशी बोलायला लागू नये म्हणूनच मी हे क्षेत्र निवडलं असावं.

पालक वाळवायचा, जाळायचा, राख आम्लात विरघळवायची आणि ते पाणी यंत्राला द्यायचं. यंत्र आकडा सांगायचं. पहिल्या नमुन्याचा आकडा आला चार पूर्णांक एक. एक किलो पालकात चार पूर्णांक एक मिलिग्रॅम शिसं. त्या वेळची मर्यादा होती अडीच. मी आकडा घेऊन टिपणीस साहेबांकडे गेलो. ते आमच्या विभागाचे प्रमुख.

"बसा. किती आलं?"

"चार पूर्णांक एक. पण सर, मला खात्री नाही."

"कशाची?"

"भांड्यांची. हवेतल्या धुळीची. शिसं कुठूनही नमुन्यात येऊ शकतं."

"किती वेळा केलंत?"

"तीनदा."

"आणि तिन्ही वेळा?"

"चारच्या आसपास."

टिपणीस साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हिरलेकर, माझा तुमच्यावर विश्वास आहे. तुमचा नाही, ही अडचण आहे. पाठवून देऊ का?"

"एकदा नवीन नमुना आणतो, सर."

"आणा. पण मुलगी बघायला गेल्यासारखं दहा वेळा जाऊ नका. तिथल्या लोकांना काहीतरी कळवावं लागेल ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांबडमळ्यात गेलो. सुभद्राबाई वाफ्यात बसून विळ्यानं पालक कापत होत्या. तिशीच्या असतील. पहिला नमुनाही त्यांच्याच वाफ्यातला होता.

"परत आलात? पहिला पालक मशीनला पचला नाही वाटतं."

"आकड्याची खात्री करायची आहे."

"आकडा वाईट आलाय का?"

"खात्री झाल्याशिवाय सांगता येत नाही."

"आमचे हे असंच बोलतात. मला बघायला आले तेव्हा बापाला म्हणाले होते, कळवतो. बाप चार महिने दारात उभा." त्या हसल्या, पण विळा थांबला होता. "साहेब, मी उगाच विचारत नाही. पोरीसाठी विचारते. ती बघा."

शेवग्याच्या झाडाखाली एक मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. आठ वर्षांची असेल. चेहरा पिवळट, डोळे मोठे.

"वैजयंता. वैजू म्हणतो. दोन वर्षांपूर्वी वर्गात पहिली होती. आता दोनाचा पाढा विसरते, आणि आठवण करून दिली की चिडून अंगावर येते. पोटात कळ आली की तासभर अशी बसते. डॉक्टर म्हणाले, शिशामुळं असं होऊ शकतं, पण तुमच्या भाजीत शिसं आहे का ते आधी कळू दे. तुमचा कागद आला की दाखवायचाय."

"रोज हीच भाजी खाता?"

"मग काय पेठेतून विकत आणू? मळ्यातली सोडून?"

"तसं नाही."

"तसंच की. साहेब, आमच्याकडं पाव्हणा आला तरी पालक, आणि गेला तरी पालक."

बोलता बोलता त्या केळीच्या सोपटानं जुड्या बांधत होत्या. दहा-बारा जुड्या झाल्या की उठायच्या आणि पाटाच्या कडेला जाऊन एकेक जुडी पाण्यात बुडवून झटकायच्या, मग पाटीत रचायच्या. पाटात नाल्याचंच पाणी होतं. त्यावर राखाडी साय होती. जुडी बुडवली की साय बाजूला व्हायची आणि जुडी वर काढली की तिच्याबरोबर थोडी वर यायची.

"हे कशाला करता?" मी विचारलं.

"काय?"

"बुडवणं."

"धुतल्याशिवाय पेठेत कोण हात लावतं? भट्टीची धूळ पानापानावर बसलेली असते. गिऱ्हाइकाला हिरवं दिसायला पाहिजे."

"आणि घरी खायला घेता तेव्हा?"

"त्यातलीच एक जुडी. धुतलेली असते की."

"परत चांगल्या पाण्यानं धूत नाही?"

माझ्याकडं त्यांनी अशा नजरेनं पाहिलं की मला माझ्या बुटांची लाज वाटली. "साहेब, टँकरचे दोन हंडे मिळतात. पाच माणसं पितात. त्यात मी पालक धुऊ?"

त्यांनी पाटीतली एक जुडी काढून पुढं केली. "ही घ्या. आत्ताच धुतलीय. मशीनला साफसूफ द्या."

"नको," मी म्हणालो. "वाफ्यातली द्या. नमुना वाफ्यातूनच घ्यायचा असतो."

तसा नियमच होता. आमच्या पुस्तकात लिहिलेलं होतं. मी वाफ्यातला पालक पिशवीत भरला, चिठ्ठी लावली आणि निघालो. मागून त्या म्हणाल्या, "कधी कळेल?"

"आठवड्यात."

"चार महिने नको, एवढंच."

प्रयोगशाळेत परत आल्यावर मी ते पुस्तक पुन्हा काढलं. पुस्तकं मला माणसांपेक्षा सोपी जातात. पालेभाज्यांच्या नमुन्याचा परिच्छेद वाचताना एका ओळीवर थांबलो. नमुना आधी वाहत्या स्वच्छ पाण्यानं आणि नंतर दोनदा ऊर्ध्वपातित पाण्यानं धुऊन घ्यावा. पहिल्या वेळी मी नुसती माती झटकली होती. धुतला नव्हता. मला केवढं हलकं वाटलं, ते आज लिहायला संकोच वाटतो. माझी चूक सापडली होती. मी आयुष्यभर स्वतःची चूक शोधत आलो आहे. ती सापडली की माझा जीव भांड्यात पडतो.

मी पालक धुवायला घेतला. हौसाबाई शेजारच्या बेसिनवर भांडी घासत होत्या.

"किती वेळा धुताय ते?"

"तीन."

"नवरीला हळद उतरवताना सुद्धा एवढं धूत नाहीत. मी घरी एकदा धुते, तेही नळाला पाणी आलं तर. कोण खाणार आहे हा पालक?"

"कुणी नाही. तपासायचा आहे."

"मग जो खातो त्याच्यासारखा धुवा की."

मी हसून घेतलं. पान पान उघडून धुतलं, शेवटच्या पाण्यात एक कणही दिसेना तोवर. या वेळी आकडा आला एक पूर्णांक नऊ. मर्यादेच्या आत. पुन्हा केला, तोच आला.

"आता खात्री?" टिपणीस साहेबांनी विचारलं.

"हो सर. पहिल्या वेळी मी धुतला नव्हता. तो पानावरच्या धुळीचा आकडा होता."

"आणि ती धूळ?"

"ती भाजीत धरत नाहीत, सर. पद्धतीत तसं आहे."

त्यांनी चष्मा लावून आकडा पुन्हा वाचला. मी पाटाचं सांगावं का? साय, टँकर, दोन हंडे? त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही. कसं विचारणार? ते तिथं गेले नव्हते, मी गेलो होतो.

"बरं," ते म्हणाले, "आकडा तुमचा, सही माझी." आणि त्यांनी सही केली. एक प्रत सुभद्राबाईंना गेली. त्यानंतर पंधरा दिवसांनी ते निळं पत्र आलं.

त्या शुक्रवारी मी घरी जाऊन उत्तर लिहायला बसलो. 'धुतला होता' एवढं लिहिलं आणि थांबलो. नुसतं तेवढं लिहिलं तर त्या विचारणार, मग आमच्या पाण्यानं धुतला तर? ते मला ठाऊक नव्हतं. मनात आलं, ते आधी बघावं, मग पूर्ण उत्तर द्यावं. तेव्हा मला हा विचार प्रामाणिक वाटला होता आणि कदाचित तो होताही.

रविवारी मी एक प्लॅस्टिकचा कॅन घेऊन नाल्यावर गेलो. पाणी भरून पुलावर आलो. पुलाच्या तोंडाशी मळ्यातल्या बायका भाजी घेऊन बसायच्या. दुपारची वेळ, बहुतेक जागा रिकाम्या होत्या. एका गोणपाटावर पालकाच्या सहा-सात जुड्या होत्या आणि त्यांच्यामागं वैजू बसली होती. एक हात पोटावर दाबलेला.

"दोन जुड्या दे," मी म्हणालो. ती मला ओळखणार नाही असं मी धरून चाललो होतो. मला सहसा कुणी ओळखत नाही.

"तुम्ही पालकवाले साहेब ना?"

"हो."

"आईनं तुम्हाला पत्र टाकलंय. निळं. पेटीत मीच टाकलं, हात पुरत नव्हता तर दगडावर चढून."

"आई कुठं आहे?"

"पेठेत. तिन्हीसांजेला येईल. पत्र मिळालं का?"

"नाही," मी म्हणालो.

ते तोंडातून का गेलं हे मला आजही नीट सांगता येत नाही. हो म्हटलं असतं तर पुढं ती विचारणार होती, मग काय. आणि आठ वर्षांच्या मुलीला सांगण्यासारखं माझ्याजवळ अजून काही नव्हतं. एवढंच असेल. किंवा तेवढंही नसेल.

वैजूनं थोडा विचार केला. "मग हरवलं असेल," ती मोठ्या माणसासारखी म्हणाली. "आई दुसरं टाकेल. मी सांगते तिला."

तिनं शेजारच्या, नाल्याच्याच पाण्यानं भरलेल्या बादलीत दोन्ही जुड्या बुडवल्या, झटकल्या आणि माझ्यापुढं धरल्या. थेंब गोणपाटावर गळत होते.

"ओल्या कशाला केल्यास?"

"कराव्याच लागतात. नाहीतर तुम्ही म्हणाल शिळा आहे."

सोमवारी कुणाला न सांगता मी तो पालक तपासायला घेतला. एक जुडी तशीच. दुसरी कॅनमधल्या पाण्यात आणखी एकदा बुडवून, झटकून, सुभद्राबाई करायच्या तशी. हौसाबाईंनी कॅनचा वास घेतला आणि नाकाला पदर लावला. पहिलीचा आकडा आला चार पूर्णांक तीन, दुसरीचा चार पूर्णांक सहा. मी चार वेळा केलं. चारही वेळा तसंच आलं. आकडे मी माझ्या स्वतःच्या वहीत, आधीच्या आकड्यांखाली उतरवले.

म्हणजे खात्री होती. माझ्या आयुष्यात इतकी खात्री मला दुसऱ्या कशाची झाली नसेल.

आता उत्तर लिहायला हरकत नव्हती. फक्त ते लिहिलं की माझं खोटं उघडं पडणार होतं. जे पत्र मिळालंच नाही त्याचं उत्तर कसं देणार? मी ठरवलं, दुसरं पत्र येईल त्याचं उत्तर द्यायचं, ताबडतोब, त्याच दिवशी. वैजू सांगणार होती आईला. दुसरं पत्र नक्की येणार होतं. रोज डाक आली की मी हौसाबाईंकडं बघायचो.

"कुणाची वाट बघताय?" एकदा त्यांनी विचारलं.

"कुणाची नाही."

"बाईचं पत्र आहे का?"

"हो," मी म्हणालो, आणि त्या समजुतीनं हसल्या.

आठवडे गेले. नाल्यावर पुन्हा जावं असं रोज सकाळी ठरवायचो आणि कार्यालयात पोचेपर्यंत काहीतरी कारण सापडलेलं असायचं. टिपणीस साहेबांच्या दाराशी दोनदा गेलो. एकदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "काय हिरलेकर, काही शंका?" आणि मी म्हणालो, "नाही सर, सहज." चौथ्या महिन्यात माझी बदली दुसऱ्या शहरात झाली. दुसरं पत्र आलं नाही. का आलं नाही, वैजू सांगायला विसरली, की तिनं सांगितलेलं ऐकून सुभद्राबाईंनी काय ओळखायचं ते ओळखलं, मला कळलं नाही.

गेल्या महिन्यात वर्तमानपत्रात आतल्या पानावर एक छोटी बातमी होती. तांबडमळ्यातल्या बायकांनी मागणी केली होती की मळ्यातली माती, भाजी आणि मुलांचं रक्त तपासावं. खाली एका अधिकाऱ्याचं म्हणणं दिलं होतं. पूर्वी या भागातल्या पालेभाज्यांची शास्त्रीय तपासणी झालेली असून शिशाचं प्रमाण मर्यादेच्या आत आढळलं होतं, त्यामुळं नव्यानं तपासणीची गरज सध्या वाटत नाही. बायकांतर्फे निवेदन देणारीचं नाव होतं वैजयंता ताजणे-रासकर, वय एक्केचाळीस.

मी बातमी पुन्हा पुन्हा वाचली. माझा एक पूर्णांक नऊ अजून तिथं उभा होता आणि दारात कुणाला येऊ देत नव्हता.

उत्तर लिहायला मला अकरा दिवस लागले. पहिल्या खर्ड्याची सात पानं झाली. त्यात पद्धत होती, पुस्तकातली ओळ होती, त्या काळी सगळीकडं असंच करत असं होतं, माझी प्रकृती आणि स्वभाव होता. फाडला. दुसऱ्यात मी इतकी क्षमा मागितली होती की वाचणारीनं माझीच समजूत काढायला हवी होती. तोही फाडला. शेवटी राहिलं ते असं:

'सौ. सुभद्राबाई ताजणे व वैजयंताबाई यांस. तुमचं पत्र मला मिळालं होतं. मिळालं नाही असं मी पुलावर वैजूला सांगितलं ते खोटं होतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: होय, पालक धुतला होता. तीन वेळा, प्रयोगशाळेच्या स्वच्छ पाण्यानं. तुम्ही तो कुठल्या पाण्यात धुता हे मी स्वतः पाहिलं होतं आणि अहवालात लिहिलं नाही. न धुतलेल्या पालकात ४.१, नाल्याच्या पाण्यात धुतलेल्यात ४.३ आणि ४.६ आलं होतं. मर्यादा २.५ होती. अहवालात गेलेला १.९ हा आकडा तुमच्या ताटातल्या पालकाचा नव्हता. जे डॉक्टर वैजूला तपासत होते, त्यांचा अंदाज बरोबर असण्याची शक्यता होती. माझ्या अहवालानं तो मागं पडला. मुलांचं रक्त तपासून घ्या. मोजणीच्या माझ्या हातच्या मूळ नोंदी सोबत जोडतो. हे पत्र कुठंही, कुणालाही दाखवा. बोलावलं तर मी येऊन हेच सांगेन. रत्नाकर हिरलेकर.'

शेवटचं वाक्य मी तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा लिहिलं.

टपाल कार्यालयात खिडकीमागं चष्मा लावलेल्या एक बाई होत्या. माझ्यापुढं दोन माणसं होती. माझी पाळी आली तेव्हा दोनदा मी मागच्याला म्हणालो, "तुम्ही व्हा पुढं." तिसऱ्या वेळी मागं कुणी उरलं नव्हतं.

"द्या काका. काय आहे आत?"

"कागद. एक पत्र."

बाईंनी पाकीट फिरवून पाहिलं. "पत्ता फार जुन्या पद्धतीचा आहे. नाल्याच्या पुलाजवळ म्हणजे काय? पिनकोड?"

"ठाऊक नाही."

त्यांनी संगणकावर शोधला आणि स्वतःच पाकिटावर लिहिला. "दोन नावं आहेत. यातलं कुणी घेतलं तर चालेल?"

"चालेल. दोघींपैकी कुणीही."

"आणि कुणीच सापडलं नाही तर? मागं पाठवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही. फोन नंबरही नाही. परत कुणाला द्यायचं?"

मी खिशात हात घातला. पेन होतं. तरी मी ते शोधत राहिलो.

"काका, नावाशिवाय मला घेता येणार नाही."

त्यांनी पाकीट खिडकीतून माझ्याकडं सरकवलं. मी मागं नाव लिहिलं, मग पत्ता, मग फोन नंबर. एक आकडा पुसट आला होता, तो पुन्हा ठळक केला. बाईंनी वाचून पाहिलं, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.